माता-पित्यांचा कर्करोग : प्रौढ अपत्यांवरील मानसिक परिणाम

आईस वा वडिलांस कर्करोग झाल्याचे निदान झाले असता त्यांच्या प्रौढ मुलामुलींच्या भावजीवनात होणारे बदल. प्रौढ अपत्य स्वतः संसारी व मिळवते असल्याने ते खंबीर राहील, असे गृहीत धरले जाते; त्यामुळे त्याचे दुःख बहुधा अव्यक्त राहते.

निदानानंतर सामान्यतः धक्का, अविश्वास, चिंता व क्रोध या प्रतिक्रिया दिसून येतात. त्याचबरोबर भूमिकांची अदलाबदल होते : आजवर ज्यांचा आधार होता, त्यांचीच शुश्रूषा, उपचारांविषयीचे निर्णय व खर्चाची तरतूद अपत्याकडे येते. दूर राहणाऱ्यास आपल्या अनुपस्थितीबद्दल, तर जवळ राहणाऱ्यास आपल्या थकव्याबद्दल व चिडचिडीबद्दल अपराधी वाटते. शुश्रूषेच्या वाटणीवरून भावंडांत तेढही निर्माण होते.

दीर्घ आजारात मृत्यूपूर्वीच शोकास प्रारंभ होतो. यास ‘पूर्वशोक’ म्हणतात. ही संकल्पना मानसोपचारतज्ञ एरिक लिंडेमान यांनी १९४४ मध्ये मांडली. या अवस्थेत ‘आता सुटका व्हावी’ असा विचार मनात येऊन त्याची लाज वाटते. तथापि तो प्रेमाच्या अभावाचा द्योतक नव्हे.

निदान रुग्णापासून लपविल्यास अपत्यावर असत्याचा भार पडतो. फ्रेंच लेखिका सीमॉन द बोव्हार यांच्या आईचे १९६३ मध्ये कर्करोगाने निधन झाले. आईस रोगाची कल्पना दिलेली नव्हती. या फसवणुकीतील स्वतःच्या सहभागाची वेदना त्यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मपर ग्रंथात नोंदविली आहे.

‘हा रोग मलाही होईल काय?’ ही भीतीही सार्वत्रिक आहे. बहुसंख्य कर्करोग आनुवंशिक नसतात. मात्र बीआरसीए–१ वा बीआरसीए–२ या जनुकांतील सदोष बदल माता वा पिता यांपैकी एकात असल्यास तो प्रत्येक अपत्याकडे येण्याची शक्यता ५० टक्के असते. अशा कुटुंबांत चाचणीपूर्वी आनुवंशिकीविषयक समुपदेशन आवश्यक ठरते.

सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडन येथे सुरू केलेल्या सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिसमुळे रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबाचीही काळजी घेण्याचे तत्त्व रूढ झाले. भारतात असे पहिले केंद्र, शांती आवेदना आश्रम, मुंबई येथे १९८६ मध्ये स्थापन झाले. रुग्णाशी मोकळा संवाद, भावंडांत कामांची स्पष्ट वाटणी, शुश्रूषा करणाऱ्यास नियमित विश्रांती व निरोपाची संधी यांमुळे शोक सुसह्य होण्यास मदत होते. निद्रानाश, नैराश्य वा आत्मघाताचे विचार उद्‌भवल्यास मानसोपचारतज्ञाचे साहाय्य त्वरित घ्यावे.