तांबड्या छातीचा व तांबड्या गळ्याचा माशीमार : हिवाळी नोंदींतील संभ्रम

वणी परिसरातील आमराया व नदीकाठची झाडी हे हिवाळी पाहुण्या माशीमारांना मानवणारे अधिवास होत. त्यांपैकी चिमणीहून लहान, मातकट रंगाचा, शेपटी वारंवार वर उचलणारा व शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंस पांढरे पट्टे असणारा माशीमार चटकन लक्ष वेधतो. मात्र या वर्णनात दोन जाती बसतात : तांबड्या छातीचा माशीमार (फिसेडुला पार्वा, बेखश्टाइन, १७९२) आणि तांबड्या गळ्याचा माशीमार (फिसेडुला अल्बिसिला, पॅलास, १८११). पहिल्याची वीण प्रामुख्याने पूर्व युरोपात, तर दुसऱ्याची सायबेरियात होते. हिवाळ्यात पहिला मुख्यतः भारतीय उपखंडाच्या पश्चिम व दक्षिण भागात, दुसरा ईशान्य भारत व आग्नेय आशियात असतो. मध्य भारतात ही क्षेत्रे परस्परांत मिसळतात आणि वणी याच पट्ट्यात येते.

सालिम अली व डिलन रिप्ले यांच्या दशखंडात्मक ग्रंथात (१९६८-७४) अल्बिसिला ही पार्वाचीच उपजात मानली होती. पुढे गायन, पिसारा व जनुकीय भेद यांच्या आधारे ती स्वतंत्र जात ठरली. परिणामी जुन्या सूच्यांतील 'पार्वा' या शब्दाने नेमका कोणता पक्षी अभिप्रेत आहे, हे केवळ नावावरून सांगता येत नाही.

ज्या तांबड्या रंगावरून दोघांना नावे मिळाली, तोच रंग हिवाळ्यात अपुरा ठरतो. माद्यांना व लहान पक्ष्यांना तो नसतोच. पार्वाच्या प्रौढ नराचा रंग वर्षभर टिकतो व छातीपर्यंत उतरतो. अल्बिसिलाचा नर मात्र विणीनंतर तो गमावतो आणि हिवाळ्याच्या अखेरीस पुन्हा धारण करतो. तोही गळ्यापुरताच, खाली करड्या पट्ट्याने वेढलेला. म्हणून डिसेंबरात दिसलेला तांबड्या छातीचा नर बहुधा पार्वाच समजावा.

उरलेल्या पक्ष्यांसाठी शेपटीच्या मुळावरील आवरणपिसे पाहणे अधिक भरवशाचे. अल्बिसिलात ती शेपटीइतकी किंवा तीहून गडद काळी असतात. पार्वात सहसा शेपटीपेक्षा फिकी, तपकिरी छटेची. पार्वाच्या खालच्या चोचीचे मूळ फिकट असते, अल्बिसिलाची चोच जवळजवळ पूर्ण काळी. दोघांचाही आवाज खुळखुळ्यासारखा. पण अल्बिसिलाचा अधिक द्रुत व कोरडा, तर पार्वाच्या आवाजातील सुटे स्वर कानाला वेगळे जाणवतात.

महाविद्यालयीन पक्षिसूचीत नावासोबत दिनांक, चोचीचा रंग व आवरणपिसांची छटा नोंदविल्यास ती नोंद पुढे तपासता येते. ही लक्षणे दिसली नसतील, तर 'पार्वा/अल्बिसिला' अशी जोडनोंद करणे हेच शास्त्रीय दृष्ट्या योग्य.