बिडाच्या रसापुढे टिकणारी वाळू : एक मागोवा

बिडाचा रस साच्यात पडतो तेव्हा १३५० ते १४५० अंश सेल्सिअस तापलेला असतो. शुद्ध सिलिका वाळू १७०० अंशांपर्यंत वितळत नाही. तरीही ओतिवावर वाळूची जळकी खपली धरते. हे कोडे सुटत गेले तशी विसाव्या शतकात साच्याची वाळू सुधारत गेली.

शतकाच्या आरंभी नैसर्गिक वाळूच वापरात होती. इंग्लंडमधील ब्रॉम्सग्रोव्हची तांबडी वाळू त्यासाठी प्रसिद्ध होती. तिच्यातल्या मातीने साचा धरून राही, पण त्याच मातीतले लोह आणि क्षार वाळूला लवकर वितळवत. म्हणून धुतलेल्या सिलिका वाळूत मोजून बेंटोनाइट ही चिकणमाती व पाणी मिसळण्याची पद्धत रुळली. मुठीत दाबून वाळूची पारख करणाऱ्या मोल्डरच्या जोडीला प्रयोगशाळा आली.

नुसती शुद्ध वाळूही पुरेशी नव्हती. रसाच्या पृष्ठभागावर तयार होणारा लोहाचा ऑक्साइड सिलिकाशी संयोग पावून फायालाइट बनवतो आणि ते सुमारे १२०० अंशांनाच वितळते. खपलीचे एक मोठे कारण हे. त्यावर कोळशाची पूड गुणकारी ठरली. ती जळताना निघणारे वायू ऑक्साइड होऊ देत नाहीत आणि कणांवर चकचकीत कार्बनचा थर बसतो, त्यामुळे रस वाळूला भिजवत नाही. तिचा धूर मात्र कामगारांच्या छातीत जातो. हा दोष गौण मानता येत नाही.

दुसरी अडचण प्रसरणाची होती. ५७३ अंशांना क्वार्ट्‌झच्या स्फटिकाची रचना बदलते व कण एकाएकी फुगतो. साच्याची कातडी उचलली जाते आणि ओतिवावर स्कॅब नावाचा दोष येतो. तापल्यावरही पकड टिकवणाऱ्या सोडियम बेंटोनाइटने हा दोष बराच आटोक्यात आला. कॅल्शियम बेंटोनाइटवर सोड्याची प्रक्रिया करून तसाच गुण आणता येऊ लागला. भारतात कच्छचे बेंटोनाइट उपयोगी पडले. कोल्हापूरच्या फाउंड्रींना सिलिका वाळू सिंधुदुर्गातील कासार्डे भागातून मिळत आली.

जाड ओतिवांत जिथे उष्णता साठून राहते, तिथे झिरकॉन किंवा क्रोमाइट वाळू वापरली जाऊ लागली. दोन्ही कमी फुगतात आणि उष्णता झपाट्याने शोषतात. महाग असल्याने त्या फेसिंगपुरत्या (रसाला लागणाऱ्या थरापुरत्या) किंवा ओतिवातली पोकळी घडवणाऱ्या कोअरपुरत्याच राहिल्या. एरवी साच्यावर ग्रॅफाइटचा लेप देऊन भागवले जाई.

वाळू पुन्हा पुन्हा वापरली की रसालगतच्या बेंटोनाइटची पकड कायमची जाते आणि जळकी माती कणांवर साचते. त्यामुळे प्रत्येक फेरीत ताजे बेंटोनाइट, कोळशाची पूड आणि थोडी नवी वाळू घालावी लागते.