लिलावाच्या नोटिशीआधी बँकेची पायरी चढा

शेतकरी बंधूंनो, मार्च जवळ आला की गावात दोन गोष्टी हमखास दिसतात. एक, बँकेची वसुलीची गाडी. दुसरी, ती गाडी पाहून मळ्याकडे निघून जाणारी माणसं. पीक गेलं, हातात पैसा नाही, साहेबाला तोंड कसं दाखवायचं, असा विचार त्यामागे असतो. पण नुकसान होतं ते इथेच. कर्ज फेडता येत नसेल तर त्याची मुदत वाढवून हप्ते पाडून घेण्याची सोय आहे. मात्र ती वेळेत मागावी लागते.

या सोयीला सरकारी भाषेत पुनर्गठन म्हणतात. सोसायटीत तिलाच रूपांतर म्हणतात. म्हणजे एका हंगामात फेडायचं पीक कर्ज काही वर्षांच्या हप्त्यांत बदलून देणं. रिझर्व्ह बँकेने २०१८ साली बँकांना दिलेल्या निर्देशांत याचा हिशेब स्पष्ट आहे. पिकाचं नुकसान ३३ ते ५० टक्के असेल तर दोन वर्षांपर्यंत आणि ५० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर पाच वर्षांपर्यंत मुदत. यातलं पहिलं वर्ष हप्त्याविना. त्यासाठी वाढीव तारण मागायचं नाही, असंही त्यात सांगितलं आहे. हे निकष अधूनमधून बदलतात, म्हणून सध्या कोणतं परिपत्रक लागू आहे हे शाखेत विचारून घ्या.

समजा तुमचं पीक कर्ज १ लाख ६० हजार आहे आणि निम्म्याहून जास्त पीक गेलं. पाच वर्षांचं पुनर्गठन झालं तर पहिलं वर्ष हप्ता नाही, पुढची चार वर्षं दरसाल ४० हजार मुद्दल अधिक व्याज. शिवाय खातं थकबाकीत जात नाही, त्यामुळे पुढच्या पेरणीसाठी नव्या कर्जाचा रस्ता उघडा राहतो.

आता कळीचा मुद्दा. त्याच निर्देशांनुसार, आपत्ती आली त्या दिवशी जे कर्ज आधीच थकीत होतं, ते या सवलतीत बसत नाही. पुष्कळ जणांची गाडी इथेच चुकते. "माफी येणार आहे, कशाला भरता?" असं पारावर कुणीतरी सांगतो. वर्ष जातं, खातं थकतं, आणि पुढच्या साली गारपीट झाली की बँक म्हणते, तुमचं खातं तर आधीच थकीत आहे.

पुनर्गठन केलं तर माफीतून नाव जाईल, अशीही एक भीती असते. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेकडे पाहा. तिच्यात पुनर्गठित पीक कर्जही धरलं होतं. उलट व्याज चढून ज्यांची थकबाकी २ लाखांच्या वर गेली, ते त्या योजनेबाहेर राहिले. पुढे माफी येईल न येईल, तिच्या अटी आज कुणालाच ठाऊक नाहीत. त्या भरवशावर जमीन पणाला लावू नका.

दुसरी खोड नवं-जुनं करण्याची. आठ दिवसांसाठी खाजगी माणसाकडून पैसे उचलायचे, बँकेत भरायचे, नवं कर्ज निघालं की परत करायचे. पीक चांगलं असेल तर एखाद्या वेळी निभतं. पीक बुडालेल्या वर्षी मात्र बँकेचं कर्ज तसंच राहतं आणि वर सावकाराचा बोजा बसतो. त्यापेक्षा रूपांतराचा अर्ज परवडला.

पण पुनर्गठन म्हणजे माफी नव्हे, हेही नीट ध्यानात घ्या. व्याज सवलत योजनेत केंद्राची सवलत पुनर्गठित रकमेवर पहिल्या वर्षापुरती धरली जाते, दुसऱ्या वर्षापासून बँकेचा नेहमीचा दर लागतो. म्हणून सही करण्याआधी तीन गोष्टी कागदावर मागा : एकूण रक्कम किती धरली, दर किती आणि प्रत्येक हप्त्याची तारीख कोणती. जमत असेल तर थोडी रक्कम भरून उरलेल्याचंच पुनर्गठन करा.

अर्ज साधा असू द्या. खाते नंबर, गट नंबर, पीक, नुकसान कशाने आणि किती झालं, आणि "माझ्या पीक कर्जाचे पुनर्गठन करून मिळावे" एवढी मागणी. सोबत सातबारा, आठ अ, पंचनाम्याची नक्कल आणि ई-पीक पाहणीतील पिकाची नोंद जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय शाखेतून निघू नका. तोंडी विनंती कुठेच नोंदली जात नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, तिथे हीच पोच लागते.

आणि वेळ निघून गेलीच असेल तर? सोसायटी किंवा जिल्हा बँक सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मागते. त्याआधी निबंधकाकडून नोटीस येते. त्या तारखेला हजर राहा, आपलं म्हणणं लेखी द्या, चुकीचं व्याज धरलं असेल तर दाखवा. दाखला निघाल्यावर फेरतपासणीला जायचं तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते. लिलाव झाला तरी ३० दिवसांत जाहीरनाम्यातली थकबाकी आणि खरेदी रकमेच्या ५ टक्के भरून तो रद्द करण्याचा अर्ज नियम १०७ प्रमाणे करता येतो. पण तिथवर जाण्यापेक्षा एकरकमी तडजोड किंवा लोकअदालत बरी. लोकअदालतीत कोर्ट फी नाही आणि झालेला निवाडा दोन्ही बाजूंना बंधनकारक असतो.

व्यापारी बँकांबाबत आणखी एक. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँका कोर्टात न जाता तारण ताब्यात घेतात, पण कलम ३१ प्रमाणे शेतजमीन त्यातून वगळलेली आहे. मात्र सातबारावर शेती लिहिली म्हणून भागत नाही, जमीन प्रत्यक्ष कसलेली असावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितलं. म्हणून दर हंगामाला पीक पाहणी नोंदवा. घर, दुकान किंवा बिनशेती प्लॉट तारण असेल तर ही सूट नाही. तिथे ६० दिवसांची नोटीस येते. त्या मुदतीत लेखी हरकत द्या, बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावंच लागतं.

शेवटी गावच्या कारभाऱ्यांना दोन शब्द. २०१८ साली १५१ आणि २०२३ साली ४० तालुक्यांत शासनाने दुष्काळ जाहीर केला, तेव्हा दोन्ही वेळी सहकारी कर्जाचं पुनर्गठन आणि शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती या सवलती आदेशात होत्या. पण असा आदेश चावडीच्या कपाटात राहिला तर गावाला काय उपयोग? सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी तो ग्रामसभेत वाचून दाखवावा. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांनी पंचनाम्याची नक्कल अडवू नये. गटसचिवांनी सभासदांना बोलावून अर्ज भरून घ्यावेत. एका दुपारचं काम आहे, पण त्याने कुणाची तरी जमीन वाचेल.