सहजबल आणि स्वादुपिंडाचा कर्करोग

चरकसंहितेंत बलाचे तीन प्रकार सांगितले आहेत: सहज, कालज आणि युक्तिकृत. देहाबरोबर जन्मास येतें तें सहज. ऋतु व वय यांमुळें लाभतें तें कालज. आणि आहारविहारादि योजनेनें संपादन करावें तें युक्तिकृत. कर्करोगावरील एका नव्या संशोधनाचें मर्म आम्हांस असें दिसतें कीं, सहजबलास युक्तीनें जागें करावयाचें.

रक्तांतील कांहीं पांढऱ्या पेशी परका जंतु दिसतांच, पूर्वीची ओळख नसतांही, त्यास गिळून टाकतात. परक्या वस्तूवर पेशी अशा धांवून जातात हें १८८२ सालीं मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञानें तारामाशाच्या अळींत पाहिलें. प्लेगची लस मुंबईंत तयार करणारे हाफकिन हे त्याचेच शिष्य होत.

मग हे पहारेकरी कर्करोगास कां सोडतात? कारण ती गांठ परकी नव्हे. आपलीच पेशी बिघडून ती झालेली असते. त्यांतून स्वादुपिंडाची गांठ भोंवतीं चिवट तंतूंचा तट उभारते आणि आलेल्या पहारेकऱ्यांस फितूर करून घेते.

ही फितुरी मोडण्याचे प्रयत्न चालू आहेत. अमेरिकेंत लुईव्हिल येथील संशोधकांनीं यीस्टमधील बीटा-ग्लुकन हें द्रव्य उंदरांस दिलें. त्यानें स्वादुपिंडांतील पहारेकरी पेशी जणूं तालीम घेऊन तयार झाल्या व गांठीची वाढ मंदावली, असें त्यांनीं २०२२ सालीं प्रसिद्ध केलें. शाखायुक्त पेशींचा शोध लावणारे राल्फ स्टाइनमन यांस २००७ सालीं हाच रोग जडला. त्यांनीं स्वतःच्याच पेशींच्या लसी टोंचून घेतल्या व चार वर्षांहून अधिक काळ जगले. ३० सप्टेंबर २०११ रोजीं ते वारले. तीनच दिवसांनीं त्यांचें नोबेल पारितोषिक जाहीर झालें. परंतु इतर उपचारही चालू असल्यानें, आयुष्य लसीनेंच वाढलें असें एका रोग्यावरून म्हणतां येत नाहीं.

म्हणून बाजारांत ‘प्रतिकारशक्ति वाढविणारी’ भुकटी मिळाली, तर तिला कर्करोगाचें औषध समजूं नये. उंदरांवरील यश म्हणजे माणसांवरील उपाय नव्हे. आजही रोग वेळीं कळून शस्त्रक्रिया होणें हाच बरें होण्याचा खरा मार्ग आहे. पण निदानाच्या वेळीं शेंकडा पंधरा-वीस रोगीच तिला योग्य असतात.

बारामती व इंदापूर तालुक्यांतील घरांशीं आमचा जुना संबंध आहे. तेथें कावीळ झाली म्हणजे गळ्यांत माळ घालणें, कावीळ उतरवून घेणें हे प्रकार अद्याप चालतात. प्रत्येक कावीळ कर्करोगाची नसते. तथापि स्वादुपिंडाच्या शिरोभागीं गांठ झाल्यास पित्ताची नळी दाबली जाऊन, पोटांत न दुखतांही कावीळ होते. उतारवयांत अशी कावीळ, वजनाची उतरण, किंवा एकाएकीं उद्भवलेला मधुमेह दिसल्यास माळेंत आठवडे घालवूं नयेत. बारामतीस २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; बार्शीस कर्करोगाचें रुग्णालय आहे; मुंबईचें टाटा रुग्णालय तर १९४१ पासून चालू आहे.

सहजबलास जागविण्याची विद्या शास्त्रज्ञांनीं अवश्य शोधावी. वेळीं वैद्याकडे जाणें हें युक्तिकृत बल मात्र आज आपल्या हातीं आहे.