माळ्याची खोली आणि घराची खरेदी

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, असें जुनीं माणसें सांगत. परंतु बांधलेलें घर विकत घेण्यांतहि कसोटी कांहीं कमी नाहीं. मनमाड हें रेल्वेचें मोठें जंक्शन. नोकरीच्या निमित्तानें आलेलीं कुटुंबें पुढें येथेंच स्थायिक होतात आणि जन्मभराची पुंजी एका घरांत घालतात. अशा वेळीं विकणारा मोठ्या कौतुकानें वरची खोली दाखवितो: “पूर्वीं हा नुसता माळा होता, छप्पर उंचावून आम्हीं खोली केली.” घेणाऱ्यानें सावध व्हावयाचें तें याच वाक्यापाशीं.

माळा आणि खोली यांतील भेद केवळ नांवाचा नाहीं. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणें पोटमाळा म्हणजे सामान ठेवण्याची जागा. तिची उंची जास्तींत जास्त दीड मीटर, म्हणजे सुमारें ५ फूट. राहत्या खोलीस सपाट छताखालीं किमान २.७५ मीटर, म्हणजे सुमारें ९ फूट उंची लागते. उतरत्या छपराखालीं ती सरासरीनें मोजतात. शिवाय खोली झाली कीं तिचें क्षेत्र त्या जागेवर अनुज्ञेय असलेल्या एकूण चटई क्षेत्रांत धरलें जातें. या नियमांमागें हेतु आहे. वारा व उजेड माणसाला हवा, ट्रंकेला नव्हे. आणि जुन्या भिंती व जुना पाया यांवर नवा भार पडतो तो वेगळाच.

म्हणून १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमान्वयें अशा कामास आधीं परवानगी लागते. रंग देणें, आंतील गिलावा दुरुस्त करणें यांस ती लागत नाहीं. छप्पर उचलणें वा मजला चढविणें यांस लागते. परवानगी नगरपरिषद देते, सोबत शिक्क्याचा मंजूर नकाशा देते, आणि काम नकाशाप्रमाणें पुरें झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र देते.

येथेंच पुष्कळांची फसगत होते. घरपट्टीची पावती, विजेचें बिल आणि नोंदणी झालेलें खरेदीखत एवढे कागद पाहून ते निश्चिंत होतात. परंतु घरपट्टी उभ्या असलेल्या इमारतीवर बसते. ती भरल्यानें बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाहीं. नोंदणी कार्यालय दस्त नोंदवितें. खोली मंजूर आहे कीं नाहीं, याचा निवाडा तें करीत नाहीं.

तेव्हां विसार देण्यापूर्वींच मंजूर नकाशा, परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र हे तीन कागद मागावे. नंतर नकाशा हातीं धरून टेपानें घर मोजावें: जिना नकाशांत आहे काय, वरच्या जागेस ‘माळा’ म्हटलें आहे कीं ‘खोली’, उंची जुळते काय? कागद हरवले असें विकणारा म्हणाला, तर नगरपरिषदेकडून नकला काढण्यास त्यास सांगावें. घेणाऱ्यासहि २००५ च्या माहितीच्या अधिकाराखालीं दहा रुपये भरून अर्ज करतां येतो. त्यास सामान्यतः तीस दिवसांत उत्तर मिळावयास हवें.

एवढी खटपट कशासाठीं? विनापरवाना बांधकाम पाडण्याची नोटीस मालकास येते, आणि खरेदीनंतर मालक म्हणजे नवा घेणारा. १७ डिसेंबर २०२४ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, बेकायदा बांधकाम केवळ जुनें झालें म्हणून क्षम्य ठरत नाहीं; बँकांनींहि पूर्णत्वाचा वा भोगवट्याचा दाखला तपासूनच कर्ज द्यावें. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम विकणाऱ्यावर दोष सांगण्याचें बंधन घालतो खरा, परंतु तें साधारण दक्षतेनें जे दोष घेणाऱ्यास कळले नसते, त्यांपुरतें. नगरपरिषदेंत चौकशी केल्यानें कळण्यासारखी गोष्ट विचारलीच नाहीं, तर मागाहून तक्रार दुबळी पडते.

खोली विनापरवाना निघाली म्हणून सौदा मोडलाच पाहिजे असें नाहीं. नियमांत बसत असेल तर विकणाऱ्यानें शुल्क भरून ती नियमित करून घ्यावी, व मगच खरेदीखत व्हावें. बसत नसेल तर तिला माळा समजूनच किंमत ठरवावी, आणि ती पूर्ववत् करण्याचा खर्च कोणीं सोसावयाचा हें करारांत लिहून घ्यावें. मुलांच्या अभ्यासाची खोली म्हणून पैसे मोजावे आणि हातीं अडगळीची जागा यावी, ही हानि चार हेलपाट्यांनीं टळण्यासारखी आहे.