‘इसमें क्या है?’

झाशीला जाऊन किल्ल्याचा फोटो न काढता परत आलात, तर घरचे तुम्हाला वेड्यात काढतील. त्यामुळे किल्ला आधी उरकून घ्या. कडक बिजली तोफ, राणीने घोड्यावरून उडी घेतली असं सांगतात ती जागा, वरून दिसणारं शहर, हे सगळं एका दुपारी होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र कॅमेरा घ्या, नाहीतर सरळ फोन घ्या, आणि किल्ल्याकडे पाठ करून चालायला लागा.

माझी हॉस्टेलमधली रूममेट झाशीची. डिसेंबरच्या सुट्टीत तिच्याकडे गेले, तेव्हा आम्ही दोघींनी फोटो वॉक करायचं ठरवलं. रूट अगदी साधा: राणी महालापासून बडा बाजारातून लक्ष्मी दरवाजापर्यंत. सरळ चाललात तर अर्धा तासही लागत नाही. आम्हाला तीन तास लागले.

जुन्या झाशीच्या तटाला असे बरेच दरवाजे आहेत. ओरछा, दतिया, सागर ही नावं त्या त्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यांवरून आली. मध्येच एक ‘खंडेराव गेट’ येतं आणि मराठी कान टवकारतात. त्यात नवल नाही म्हणा. बाजीराव पेशव्यांनी छत्रसालाला मदत केली आणि त्यातून बुंदेलखंडाचा हा भाग मराठ्यांकडे आला. पुढे सुभेदार नारो शंकरांनी किल्ला वाढवला. नेवाळकर मूळचे रत्नागिरीकडचे. पण ही माहिती गूगलवर मिळते. गल्लीत शिरल्यावर जे दिसतं, ते नाही मिळत.

काय दिसतं? नक्षीदार लाकडी दरवाजा आणि त्याच्या चौकटीवर ठोकलेला विजेचा मीटर. वर वायरींचं जाळं, त्यावरून निवांत चाललेलं माकड. रात्रीच्या शेकोटीची राख आणि तिच्या उबेला झोपलेली दोन कुत्री. तुमचा पहिला मोह असेल मीटर फ्रेमबाहेर काढायचा, म्हणजे फोटो ‘व्हिंटेज’ दिसेल. काढू नका. त्या दारामागे लोक राहतात, त्यांना लाइट बिल येतं.

थंडीत इथे रजया भरण्याचं काम जोरात असतं. एका दुकानात पिंजाऱ्याचं मशीन चालू होतं. दारातून उन्हाचा पट्टा आत आला होता आणि त्यात कापसाचे तंतू तरंगत होते. मी विचारून फोटो काढले. काकांनी मशीन बंद केलं, नाकावरचा रुमाल खाली घेतला आणि विचारलं, ‘‘इसमें क्या है?’’

मी म्हटलं, ‘‘अच्छा दिख रहा है।’’

ते हसले. ‘‘दिखता होगा। हमें तो खाँसी होती है।’’

हा प्रश्न त्या सकाळी आम्हाला निदान पाच जणांनी विचारला. चहावाल्याने, सायकलच्या दुकानातल्या मुलाने, सकाळीच मंगौडे तळायला बसलेल्या आजोबांनी. वर प्रत्येकाने किल्ल्याचा रस्ताही दाखवला. आम्ही वाट चुकलोय, अशी त्यांची खात्रीच होती.

आणि मग माझी चूक झाली. एका ओट्यावर एक काकू भांडी घासत होत्या. पितळी पातेलं, त्यावर कोवळं ऊन, मागे निळी भिंत. मी लांबूनच दोन क्लिक केले. विचारलं नाही. विचारलं की ‘कँडिड’ जातं, असं आपण म्हणतो ना? तेच.

त्यांनी मान वर केली. ‘‘काए बिटिया, पूछ तो लेतीं।’’

बुंदेलीतलं ‘काए’ आपल्या ‘काय’सारखंच ऐकू येतं. घरातल्याच कुणीतरी रागावल्यासारखं वाटलं. जवळ गेले, सॉरी म्हटलं, स्क्रीन दाखवली. त्या म्हणाल्या, ‘‘बाल तक नहीं बनाए हैं।’’ मी फोटो डिलीट केले. त्यांच्या मुलीने माझ्याच फोनमध्ये ‘रिसेंटली डिलीटेड’ उघडून तिथूनही काढायला लावले. बरोबरच होतं तिचं. मग काकू जे म्हणाल्या, ते जास्त लागलं. आधीही कुणीतरी कॅमेरे घेऊन आले होते, सासूबाईंचा फोटो काढला, पाठवतो म्हणाले आणि गेले. फोटो आलाच नाही.

विचार करा, तुमच्या आजीचा फोटो कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या इन्स्टावर असेल, कदाचित हजार लाइक्स असतील, आणि तुमच्या घरात तो नसेल.

आम्ही निघालो. गल्लीच्या टोकापर्यंत पोहोचलो तर मुलगी पळत आली, ‘‘मम्मी बुला रही हैं।’’ परत गेलो. काकूंनी केस विंचरले होते, साडी बदलली होती. शेजारी खुर्चीवर सासूबाई, अंगावर नवी शाल. भांडी गायब. दोघी समोर बघत ताठ बसल्या, अगदी पासपोर्ट फोटोसारख्या. फोटोग्राफीच्या वर्गात या फोटोला बरे मार्क मिळणार नाहीत. पण ‘आम्ही अशा दिसायला हव्यात’ हे त्या फोटोत त्यांनी ठरवलंय, मी नाही.

वाटेत विष्णुभट गोडसे आठवले. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि पुढच्या वर्षी इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा नेमके झाशीत होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये राणी आहे, तशीच लूट आणि कत्तल चालू असताना घरांत लपून बसलेली माणसंही आहेत. हे पुस्तक छापून आलं १९०७ मध्ये. आज आपण ते वाचतो, कारण त्यांनी फक्त मोठ्या लोकांचं लिहिलं नाही, डोळ्यांसमोर जे घडलं ते सगळं लिहिलं. आपल्या हातात तर फोन आहे.

जायचं असेल तर काही गोष्टी लक्षात ठेवा. मुंबईहून पंजाब मेल, पुण्याहून झेलम एक्स्प्रेस थेट झाशीला जाते. स्टेशनचं नाव आता वीरांगना लक्ष्मीबाई झाशी आहे. थंडीतच जा, उन्हाळ्यात इथे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. डिसेंबर-जानेवारीत धुकं असतं, त्यामुळे साडेसातनंतर बाहेर पडलेलं बरं. अरुंद गल्लीत अर्धं ऊन, अर्धी सावली असते. फोनवर उजेडाच्या भागावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर सगळं पांढरं होईल. झूम करू नका, दोन पावलं पुढे जा. तेवढ्या जवळ गेलात की विचारावंच लागतं. लहान मुलांचे फोटो घरच्यांना विचारूनच. शहरात मोठं लष्करी कँटोन्मेंट आहे, तिकडे कॅमेरा बॅगेत ठेवा. ग्रुप तिघांहून मोठा नको, नाहीतर गल्लीला वरात आल्यासारखं वाटतं. आणि झाशी लांब पडत असेल, तर स्वतःच्या घरामागच्या गल्लीपासून सुरुवात करा. तिथेही कुणीतरी हाच प्रश्न विचारेल.

दुसऱ्या दिवशी ट्रेनच्या आधी बाजारातल्या स्टुडिओतून चार बाय सहाच्या दोन प्रिंट काढल्या आणि नेऊन दिल्या. काकूंनी एक लगेच आरशाच्या चौकटीत खोचली. सासूबाईंनी दुसरी डोळ्यांजवळ धरली, लांब धरली, उलटी करून बघितली.

‘‘अच्छी है,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पर पीछे किला नहीं आया?’’