मोटारीस टर्बो बसवितांना तो कोणता निवडावा?

गेल्या कांहीं महिन्यांत सभासद बंधूंकडून एक चौकशी वारंवार होत आहे. घरांतील तरुण मुलें वापरांतल्या मोटारीस ‘टर्बो’ बसवूं इच्छितात. त्याचा खर्च ऊसाच्या किंवा द्राक्षांच्या रकमेंतून वडिलांनीं द्यावयाचा असतो. आणि वडिलांस त्या यंत्राचें नांवापलीकडे कांहीं ठाऊक नसतें. प्रस्तुत लेखक यंत्रशास्त्रज्ञ नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला मनुष्य आहे. परंतु याच पायीं आमच्या घरांतून एकदां बराच पैसा व्यर्थ गेला, तेव्हां मीं हा विषय जाणत्यांस विचारून व कागद-पेन्सिल घेऊन समजून घेतला. तो येथें मांडीत आहें.

यंत्राचें स्वरूप असें आहे. साधें इंजिन आपली हवा स्वतःच ओढून घेतें. जितकी हवा आंत येईल तितकेंच पेट्रोल नीट जळूं शकतें आणि तितकीच शक्ति निघते. टर्बोचार्जर ही हवा दाबून आंत भरतो. त्याच्या एका दांड्यावर दोन चाकें असतात. इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या तप्त धुरानें एक चाक फिरतें, त्यास टर्बाइन म्हणतात. दुसरें चाक, म्हणजे कंप्रेसर, बाहेरची हवा ओढून इंजिनाकडे ढकलतें. लहान टर्बोचा दांडा मिनिटास दीड-दोन लाख फेरे घेतो, आणि पेट्रोलच्या गाडींत टर्बाइनवर येणारा धूर ९०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापलेला असतो. वायां जाणाऱ्या धुराकडून काम करून घेण्याची ही कल्पना स्वित्झर्लंडमधील इंजिनियर आल्फ्रेड ब्यूकी यांची; तिचें पेटंट १९०५ सालचें आहे. शेतीच्या यंत्रांत ती अमेरिकेंतील अ‍ॅलिस-चाल्मर्स कंपनीच्या डी-१९ या डिझेल ट्रॅक्टरावर १९६१ सालीं कारखान्यांतूनच बसून आली.

आतां निवडीचा प्रश्न. यंत्र नवें असलें तरी हिशेब आपल्या ओळखीचा आहे. विहिरीवर पंप घेतांना पाणी किती उंच चढवावयाचें आणि मिनिटास किती लिटर पाहिजे, या दोन गोष्टी आपण आधीं ठरवितों. पांच अश्वशक्तीच्या जागीं पंधरा अश्वशक्तीचा पंप बसविला म्हणून विहिरीचे झरे तिप्पट होत नाहींत. टर्बोचेंही तसेंच आहे. पाण्याच्या उंचीच्या जागीं हवेचा दाब धरावा, आणि पाण्याच्या लिटरांच्या जागीं हवेचें वजन. हे दोन आंकडे हातीं असल्यावांचून दुकानांत पाऊल टाकूं नये.

उदाहरण म्हणून आपल्याकडे घरोघरीं दिसणारी १२०० घनसेंटिमीटरची पेट्रोल मोटार घेऊं. चार-फटक्यांचें इंजिन दोन फेऱ्यांत एकदां आपल्या पोटाइतकी हवा घेतें. मिनिटास ६००० फेरे धरले तर १.२ लिटर गुणिलें ३०००, म्हणजे ३६०० लिटर. पोट पूर्ण भरत नाहीं, म्हणून नव्वद टक्के धरावेत. ३२४० लिटर झाले. पस्तीस अंशांच्या उन्हांत या हवेचें वजन सुमारें ३.७ किलो भरतें. मिनिटास एक किलो हवेमागें साधारण २१ अश्वशक्ति मिळते असा ठोकताळा आहे. त्या मानानें ७८ अश्वशक्ति, आणि अशा गाड्यांची शक्ति याच्या आसपासच असते. आतां बाहेरच्या दाबाच्या दीडपट दाबानें हवा भरली व ती पन्नास अंशांपर्यंत थंड करून घेतली, तर तेवढ्याच जागेंत ५.३ किलो हवा मावते, आणि शक्ति ११० च्या पुढें जाते. म्हणजे आपली मागणी ठरली: दाबाचें प्रमाण दीड, हवा मिनिटास ५.३ किलो किंवा ११.७ पौंड. पौंडाचा आंकडा अशासाठीं कीं पुष्कळ उत्पादकांचीं पत्रकें पौंडांत असतात.

प्रत्येक चांगल्या टर्बोबरोबर कंप्रेसरचा एक नकाशा मिळतो. उभ्या बाजूस दाबाचें प्रमाण, आडव्या बाजूस हवेचें वजन, आणि मध्यें डोंगराच्या नकाशावरील समोच्च रेषांप्रमाणें एकांत एक वळीं. सर्वांत आंतील वळें म्हणजे जेथें कंप्रेसर उत्तम काम करतो ती जागा. आपला ठिपका तेथें किंवा त्याच्या जवळ पडावा. तो दूर पडला तर काय होतें, हें आंकड्यांनींच पाहावें. पस्तीस अंशांची हवा दीडपट दाबली असतां सत्तर टक्के कार्यक्षमतेचा कंप्रेसर ती सुमारें ८९ अंशांपर्यंत तापवितो. पंचावन्न टक्क्यांचा १०४ अंशांपर्यंत. तापलेली हवा पातळ असते, म्हणून दाब वाढूनही माल कमी भरतो. दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा खर्च वांचविण्याचा मोह कोणीं धरूं नये.

एवढ्यानें भागत नाहीं. दुसरा ठिपका निम्म्या वेगाचा काढावा. ३००० फेऱ्यांस हवा निम्मी, म्हणजे सुमारें २.६ किलो लागेल. नकाशाच्या डाव्या कडेस एक रेषा असते. तिच्या डावीकडे ठिपका गेला तर दाबलेली हवा उलटी फिरून कंप्रेसरांतून धक्के देत मागें येते, आणि त्या धक्क्यांनीं बेअरिंगें खराब होतात. मोठा टर्बो घेणाऱ्याचा ठिपका बहुधा येथेंच हद्दीबाहेर पडतो. उजव्या कडेपलीकडे गेला तर टर्बो लहान पडला, असें समजावें.

टर्बोच्या नांवांतही माहिती असते. गॅरेट कंपनीच्या सूचींतील जीटी-१२४१ या नांवांत शेवटचे ४१ म्हणजे कंप्रेसरच्या चाकाचा मिलिमीटरांतील व्यास. तो ५० ते १३० अश्वशक्तीसाठीं व १.२ लिटरपर्यंतच्या इंजिनासाठीं सांगितलेला आहे. त्याच सूचींतील जीटी-२८६०आरएस याचें चाक ६० मिलिमीटरांचें. तो २५० ते ३६० अश्वशक्तीसाठीं व १.८ ते ३ लिटरच्या इंजिनासाठीं. आपल्या उदाहरणास कोणता जवळचा, हें वाचकांस दिसतच आहे. टर्बाइनच्या बाजूसही एक माप असतें: धूर ज्या वाटेनें येतो तिचें क्षेत्रफळ भागिलें तिची मध्यापासूनची त्रिज्या. हा भागाकार लहान असेल तर चाक लवकर फिरूं लागतें, परंतु मोठ्या वेगांत धूर तुंबतो. मोठा असेल तर उलट. रोज गांव ते तालुका जाणाऱ्या मोटारीस लहान बरा.

आमच्या पुतण्यानें यांतील कांहीं एक पाहिलें नाहीं. जुन्या मालाच्या बाजारांत त्यास साठ मिलिमीटर चाकाचा एक टर्बो स्वस्तांत मिळाला, आणि शहरांतील एका कारागिरानें तो १२०० च्या गाडीस बसवून दिला. पहिल्या दिवशीं आम्हीं दोघे घाटांत गेलों. मिनिटास ४५०० फेरे होईपर्यंत गाडी पूर्वींपेक्षांही मंद. मग एकदम लाथ मारल्यासारखी पळाली, आणि समोर वळण. मीं त्यास म्हटलें, “अरे, ही गाडी आहे कीं माजलेला खोंड?” तो म्हणाला, “काका, सवय होईल.” सवय होण्यापूर्वींच तिसऱ्या आठवड्यांत एक पिस्टन वितळला.

त्याचें कारण नुसता मोठा टर्बो नव्हे. हवा वाढली त्या मानानें पेट्रोल वाढविलें नव्हतें. वरील उदाहरणांत पूर्ण शक्तीस मिनिटाला ४४० ग्रॅम पेट्रोल लागतें. मूळ गाडीचे पिचकारे सुमारें ३०० ग्रॅमच्या बेतानें काम करीत असतात. पेट्रोल कमी पडलें कीं ज्वाला अति तप्त होते, आणि इंधन ठिणगीची वाट न पाहतां आपोआप स्फोट पावूं लागतें. पिस्टनावर हातोडा बसावा तसा आवाज येतो. जीं इंजिनें टर्बोवांचून चालण्यासाठीं घडविलीं आहेत तीं मुळांतच हवा दहा-अकरा पटींनीं दाबतात. त्यांत आणखी दाबलेली हवा भरावयाची तर दाबाचें प्रमाण दीडच्या पुढें नेणें धोक्याचें आहे. अमेरिकेंत १९६२ सालीं ओल्ड्समोबिल कंपनीनें जेटफायर ही टर्बो मोटार काढली. तींत हाच स्फोट टाळण्यासाठीं पाणी व मेथेनॉल यांचें मिश्रण टाकींतून फवारलें जाई. मालक टाकी भरण्यास विसरत, मग गाडीची शक्ति आपोआप रोखली जाई. शेवटीं कंपनीनें कित्येक गाड्यांचे टर्बो काढून दिले. आपल्या ऊसापासून होणारें इथेनॉल स्फोट रोखण्याच्या कामीं पेट्रोलपेक्षां सरस आहे. मात्र तेवढ्याच शक्तीस तें अधिक लागतें, म्हणून पिचकाऱ्यांचा हिशेब पुन्हा करावा लागतो. डिझेलच्या इंजिनांत अशा स्फोटाचें भय नसल्यामुळें ट्रॅक्टरास टर्बो इतका सहज मानवला.

आतां माझ्या जुन्या पेशाची गोष्ट. आमच्या दफ्तरांत फेरफाराची नोंद मंजूर झाल्यावांचून जमीन कोणाच्या नांवें लागत नसे. मोटारीचा फेरफार त्याहून कडक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८, याच्या कलम ५२ प्रमाणें नोंदणी पुस्तकांतील व उत्पादकाच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल मालकास करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानेंही जानेवारी २०१९ मध्यें तसाच निर्णय दिला. त्याच वर्षींच्या सुधारणेनें आलेल्या कलम १८२-अ प्रमाणें प्रत्येक बेकायदा बदलास पांच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीं शिक्षा होऊं शकतात. अपघात झाल्यास विम्याचा वाद निराळा. जर्मनींत अधिकृत तपासनिसाकडून बदल तपासून तो कागदांवर चढविण्याची वाट आहे. आपल्याकडे घरगुती टर्बोस तशी सोपी वाट नाहीं. म्हणून ज्यास रस्त्यावर चालवावयाची आहे त्यानें टर्बोसह कारखान्यांतून येणारी मोटारच घ्यावी, आणि वरील सर्व खटाटोप शर्यतीच्या बंदिस्त मार्गावरील गाडीपुरता ठेवावा. कारखान्याची गाडी घेतांनाही एक प्रश्न विचारावा: पूर्ण ओढ किती फेऱ्यांपासून मिळते? दीड-दोन हजारांपासून मिळत असेल तर टर्बो इंजिनास साजेसा आहे.

टर्बोचा दांडा तेलाच्या पातळ थरावर फिरतो. उत्पादकानें सांगितलेलेंच तेल घालावें व वेळेवर बदलावें. घाट चढून आल्यावर इंजिन एकदम बंद न करितां मिनिटभर मंद चालूं द्यावें. नाहींतर तप्त दांड्यावरील तेल करपून त्याचा कोळसा होतो. ट्रॅक्टर दिवसभर नांगरटींतून आल्यावरही हेंच करावें. पुतण्याच्या गाडीस आतां मूळचेंच इंजिन नव्या पिस्टनांसह आहे. तो साठ मिलिमीटरांचा टर्बो आमच्या गोठ्याच्या माळ्यावर पोत्यांत गुंडाळून ठेवलेला आहे. कोणास चाकें व दांडा उघडून पाहावयाचा असेल त्यानें खुशाल यावें, मात्र विकत मागूं नये.